फ्यूज नक्की कोणाला वाचवतो?

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात माझ्या बाईकच्या टाकीखालून धूर यायला लागला. टाकीत दहाएक लिटर पेट्रोल! गाडी कशीबशी स्टँडला लावली, सीट काढली आणि बॅटरीवरून नेलेली जादाची वायर सरळ हाताने उपटून काढली. दोन बोटं भाजली, गाडी वाचली. मागे बसलेला मित्र मात्र अजूनही माझ्या मागे बसत नाही.

दोन एलईडी फॉगलाईट आणि मोबाईल चार्जर अशी सगळी सजावट मी स्वतःच केली होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं. गंमत म्हणजे मी चांगला १० अँपिअरचा फ्यूज लावला होता. तो उडालाच नाही. घरी येऊन बघतो तर अगदी ठणठणीत. मग तो होता कशासाठी? पुढचे दोन वीकएंड याच प्रश्नामागे गेले. उत्तर इतिहासात सापडलं.

फ्यूजची कल्पना बल्बच्याही आधीची आहे. १८४७ साली ब्रेगे या फ्रेंच माणसाने सुचवलं की तारायंत्राच्या आधी थोडी बारीक तार जोडा. बाहेरच्या तारांवर वीज कोसळली तर ती बारीक तार वितळेल आणि महागडं यंत्र वाचेल. म्हणजे इथे फ्यूज यंत्राला वाचवतोय.

मग आला एडिसन. त्याच्यापुढे अडचण वेगळी होती: लोकांच्या घरात वीज न्यायची होती. भिंतीतून जाणारी तार तापली तर आख्खं घर पेटणार. मे १८८० मध्ये त्याला ‘सुरक्षा वाहका’चं पेटंट मिळालं. जास्त करंट आला की बारीक तार वितळून ती शाखा तोडणार. शिवाय वितळलेल्या धातूचे थेंब गालिच्यावर किंवा फर्निचरवर पडू नयेत म्हणून त्याने तारेभोवती आवरणही घातलं. इथे फ्यूज दिव्याला वाचवत नाहीये मंडळी, तो तारेला आणि घराला वाचवतोय. इतक्या वर्षांत हा फरक माझ्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

पण तार किती बारीक हवी? हे ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या विल्यम प्रीसने (पुढे मार्कोनीला पाठबळ देणारा तोच) १८८४ ते १८८८ मध्ये मोजून काढलं. वितळायला लागणारा करंट तारेच्या जाडीच्या दीडाव्या घाताने वाढतो. तांब्यासाठी हिशोब साधारण असा: ०.२ मि.मी. तार ७ अँपिअरला वितळते, ०.४ मि.मी. तार २० ला आणि १ मि.मी. तार ८० ला. जाडी दुप्पट केली की करंट जवळजवळ तिप्पट!

हे वाचताना मला आमच्या जुन्या घरातला किटकॅट फ्यूज आठवला. लाईट गेले की बाबा स्टुलावर चढायचे आणि मी मेणबत्ती धरून खाली उभा. वायरच्या गुंत्यातून एकच बारीक तार वेगळी काढून ते बांधायचे. ‘दोन तारा बांधा, म्हणजे परत उडणार नाही,’ असा सल्ला शेजारचे काका हमखास द्यायचे. खरंच उडाला नसता, त्याऐवजी भिंतीतली वायर उडाली असती.

फ्यूजवरचा आकडासुद्धा फसवा असतो. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवर लुकासचे काचेचे फ्यूज असायचे. त्यावर ३५ लिहिलेलं म्हणजे ३५ अँपिअरला उडणार. सतत चालवायचा करंट त्याच्या निम्मा, साधारण १७. अमेरिकन फ्यूजवरचा आकडा मात्र चालवायच्या करंटचा. त्यामुळे लुकासच्या जागी ३५ चा अमेरिकन फ्यूज घातला तर वायरचं संरक्षण निम्म्यावर येतं, आणि दिसायला दोन्ही सारखेच.

आज आपल्या बाईकमध्ये असतात ते पात्यांचे रंगीत फ्यूज लिटलफ्यूज कंपनीने १९७६ मध्ये आणले. तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०. रंगावरून अँपिअर कळतात आणि आतली पट्टी तुटली की बाहेरून दिसते. पाती घट्ट खाचेत बसतात, म्हणून हादऱ्यातही टिकतात.

तर माझी चूक काय झाली? मी फ्यूज हेडलाईटजवळ लावला, कारण मला दिवे वाचवायचे होते. हँडल वळताना टाकीखाली वायर फ्रेमला घासून सोलली गेली. करंट बॅटरीतून निघाला आणि फ्रेममधून परत गेला. वाटेत फ्यूज आलाच नाही, तर बिचारा उडणार कसा? मी ब्रेगेचा फ्यूज लावला होता, हवा होता एडिसनचा.

आता नवीन रचना. १० चा मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तिथून दीड स्क्वेअर एम.एम.ची वायर सीटखालच्या छोट्या फ्यूजबॉक्सला. दिवे २० वॉटचे दोन, म्हणजे सव्वातीन अँपिअर, त्यांना ५ चा फ्यूज. चार्जर एखादा अँपिअर घेतो, त्याला ३ चा. नियम सोपा आहे: फ्यूज लोडपेक्षा थोडा मोठा आणि वायरच्या क्षमतेपेक्षा लहान. घरच्या वायरिंगची स्क्रूवाली प्लास्टिक पट्टी आधी वापरली होती, ती काढून टाकली. स्क्रू बारीक तारा कापतो आणि हादऱ्याने सैल होतो. आता सगळीकडे नीट दाबून बसवलेले लग आहेत. घासण्याच्या जागी वायरवर जाड स्लीव्ह घातली आहे.

सगळा खर्च एका पिक्चर आणि पॉपकॉर्नएवढा. मागच्या रविवारी परत ताम्हिणीला जाऊन आलो. धूर फक्त टपरीवरच्या चहातून निघाला :)

मित्राला फोन केला होता. म्हणाला, येतो, पण आधी सीट उघडून दाखव. रास्त आहे.