लाकूड ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा गिअर अडतोय? खोलायला लावण्याआधी हे तपासा

गडचिरोली-चंद्रपूरच्या सागवान पट्ट्यात ओंडके ओढायचं काम बरंचसं ट्रॅक्टरवरच चालतं. चढ, चिखल आणि भरलेली ट्रॉली, यात सगळ्यात जास्त मार बसतो तो क्लच आणि गिअर बॉक्सला. ट्रॅक्टर मधून खोलायचा म्हणजे दोन-चार दिवस काम बंद आणि मजुरी वेगळी. म्हणून दोष नेमका कुठे आहे, याचा अंदाज मालकाला हवा.

इंजिन ओरडतं, ट्रॅक्टर ओढत नाही
ही क्लच घसरल्याची खूण. ट्रॉली सोडा, सपाट जागी दोन्ही ब्रेक लावा, समोर कुणी नको. मोठा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. चालूच राहिलं तर घसरतोय. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर प्लेट जळते.
प्लेट बदलण्याआधी पेडलची ढील बघा. ढील फारच कमी असेल तर क्लच पूर्ण बसत नाही. किती ठेवायची ते कंपनीच्या पुस्तकात असतं. क्लच हाऊसिंगच्या खालून ऑइल ठिबकत असेल तर सील गेलं आहे. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही घसरणार.

गिअर पडताना करकर आवाज
पेडलची ढील जास्त झाली की क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर जोरात टाकावा लागतो. आधी ढील नीट करा. तरीही अडत असेल तर लिव्हरचे जोड आणि ऑइल बघा.

गिअर आपोआप सटकतो
आतला फोर्क, स्प्रिंग-गोळी किंवा गिअरचे दात झिजलेले असतात. लिव्हर हाताने दाबून धरून काम रेटू नका. उतारावर गिअर सुटला तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते.

आवाज कधी येतो ते ऐका
न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबला, तर गिअर बॉक्समधल्या बेअरिंगचा संशय. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग. मेकॅनिकला एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा वेळ वाचतो.

ऑइल काय सांगतं
दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय. नाल्यातून ट्रॅक्टर घातल्यावर हे हमखास तपासा. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला बारीक काळी भुकटी लागणं चालतं, पण लोखंडाचे तुकडे निघाले तर ट्रॅक्टर तिथेच थांबवा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. त्यामुळे लिफ्ट हळू उचलत असेल तरी ऑइलची पातळी बघा. वर टॉपअपला भलतंच ऑइल टाकू नका.

जेसीबीसारख्या मशीनचं वेगळं
तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. पुढे-मागे दोन्हीकडे ताकद कमी असेल तर ऑइल, फिल्टर किंवा पंप बघा. एकाच दिशेला कमी असेल तर त्या दिशेचा क्लच पॅक.

ड्रायव्हरने पाळायचं
- क्लचवर पाय ठेवून चालवू नका.
- चढ-उतार येण्याआधीच छोटा गिअर टाका. उतारावर न्यूट्रल किंवा दाबलेला क्लच म्हणजे अपघाताला आमंत्रण.
- डिफरेन्शियल लॉक फक्त सरळ चालताना. वळण्याआधी काढा.
- ओंडक्याची साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वर बांधली तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो.
- खाली शिरण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात आणि चाकाला ठोकळा.

ढील, ऑइल आणि आवाज या तीन गोष्टी घरी बघता येतात. आतलं काम मात्र जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.