एकड्यांची सरस्वती: शिक्षणाच्या आरंभाचा विसरलेला सण

दसऱ्याच्या सकाळी मराठी घरांत पाटीवर जी सरस्वती काढली जाते, तिला चेहरा नसतो, वीणा नसते, हंसही नसतो. एक हा आकडा ओळीने, तिरपा, उलटसुलट मांडत जायचे. त्या एकड्यांचे कोन जुळत जातात आणि आकृती उभी राहते. मग तिला हळदकुंकू, झेंडूचे फूल, आपट्याचे पान. शेजारी वह्या आणि पुस्तके. ही देवी काढायला चित्रकला यावी लागत नाही, बाराखडी पाठ असावी लागत नाही. ज्या मुलाला फक्त एक हा आकडा गिरवता येतो, तेही पूर्ण सरस्वती काढू शकते. एवढ्याशा रिवाजात शिक्षणाच्या आरंभाविषयीचा एक जुना आणि नेमका विचार दडलेला आहे. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे आज महाराष्ट्रातल्या शहरांत दिसू लागली आहेत आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस मुलांच्या लक्षात राहील असा कसा करावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे दर वर्षी येतो. फुगे, नवे दप्तर, गोडधोड, फोटो ही उत्तरे चटकन सुचतात. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. त्याचे जुने उत्तर दोन गोष्टींत सांगता येते: सण वर्षाचा नसे, आरंभाचा असे, आणि त्या सणाच्या मध्यभागी मुलाने स्वतःच्या हाताने करायचे काम असे.

याचा पहिला पुरावा भाषेतच सापडतो. कोणत्याही कामाची सुरुवात झाली की आपण ‘ओनामा झाला’ किंवा ‘श्रीगणेशा केला’ म्हणतो. हे दोन्ही शब्द मुलाच्या पहिल्या धड्यातून आले आहेत. ‘श्री गणेशाय नमः’ हे धुळीत गिरवायचे पहिले वाक्य. आणि ‘ओम् नमः सिद्धम्’ ही मुळाक्षरांच्या आधी म्हणायची वंदना, जी जैन परंपरेनेही जपली. तिच्या पहिल्या अक्षरांचा ‘ओनामा’ झाला. धुळाक्षरे, गिरवणे, कित्ता, वळण हे शब्दही त्याच पाटीवरून उठून सगळ्या व्यवहारात पसरले. ज्या क्षणाला समाज महत्त्व देतो, त्याचे शब्द असे दूरवर जातात. शास्त्रग्रंथांचा दाखलाही याला जुळतो. विद्यारंभ हा संस्कार सर्वांत जुन्या गृह्यसूत्रांच्या यादीत आढळत नाही, उत्तरकालीन ग्रंथांत तो पाचव्या वर्षी करावयाचा म्हणून येतो. पण त्याआधीच कौटिल्याने राजपुत्राला चौलकर्मानंतर लिपी आणि संख्यान शिकवावे असे सांगितले आहे, आणि कालिदासाचा रघूही चौलानंतरच लिपी शिकतो. अक्षर आणि अंक या दोहोंचा आरंभ मुलाच्या वयाशी बांधलेला आहे, कोणत्याही संस्थेच्या तारखेशी नाही.

गावोगावच्या पंतोजींच्या शाळांतही हेच दिसते. मुंबई इलाख्यात इंग्रजी अंमल बसल्यावर १८२०च्या दशकात सरकारने देशी शाळांची माहिती गोळा केली. ती पुढे रा. वि. परुळेकरांनी संपादून प्रसिद्ध केली. या शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, देवळात किंवा पंतोजींच्याच घरी भरत. इयत्ता नव्हत्या. एकजण लाकडी धूळपाटीवर काडीने एक-दोन गिरवतो आहे, दुसरा उजळणी म्हणतो आहे, तिसरा पावकी-निमकी घोकतो आहे, चौथा बोरूने मोडीचे वळण घटवतो आहे, असे सगळे एकाच वेळी चाले आणि मोठी मुले धाकट्यांचा धडा घेत. अशा शाळेत ‘नवे वर्ष’ सुरू व्हायला जागाच नव्हती. मूल मुहूर्त पाहून येई. दसरा किंवा पाडवा असेल तर मुहूर्तही पाहावा लागत नसे, कारण हे दिवस साडेतीन मुहूर्तांपैकी. पाटीची पूजा होई, पंतोजींना काही ना काही दिले जाई, मुलांना खाऊ वाटला जाई. मूल एक टप्पा ओलांडून पुढच्या धड्याला लागले की पंतोजींच्या पदरात पुन्हा थोडे धान्य किंवा पैसा पडे. म्हणजे गोडाधोडाचा क्षण मुलाच्या प्रगतीमागून चालत येई.

जूनमधला पहिला दिवस नंतर आला. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी सोसायटी स्थापन झाली, १८४० साली शिक्षणमंडळ आले, १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर १८५५ साली सरकारी शिक्षणखाते उभे राहिले. क्रमिक पुस्तके, इयत्ता, तपासणीला येणारे अधिकारी, आणि १८६०च्या दशकापासून खासगी शाळांना परीक्षेच्या निकालावर मिळणारे अनुदान, या सगळ्यांनी मिळून शाळेला ‘वर्ष’ दिले. एक इयत्ता एकदम वर सरकते, म्हणून एकदम सुरूही व्हावी लागते. उन्हाळ्याची सुट्टी संपून पाऊस लागतो त्या सुमारास शाळा उघडायच्या, ही पद्धत आजही टिकून आहे. कडक उन्हामुळे विदर्भातल्या शाळा काही दिवस उशिरा उघडतात. या व्यवस्थेने हजारो गावांत शाळा नेल्या, हे तिचे मोठे काम आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिच्यात पहिला दिवस हजेरीचा झाला. सण मात्र घरात, दसऱ्याला आणि पाडव्याला, पाटीपूजनापुरता उरला. हे दोन दिवस एकमेकांपासून तुटल्याची जाणीव खुद्द शासनालाही झालेली दिसते. जूनमध्ये प्रवेशोत्सव करून नव्या मुलांचे फुलांनी स्वागत होते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळा ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत पाडव्यालाच मुलांची नावे घालून घेतात. शिक्षणखात्यालाही अखेर जुन्या मुहूर्ताचा आधार घ्यावासा वाटला.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की, हा सण मुळात मूठभरांचा होता. हे खरे आहे आणि ते स्पष्ट शब्दांत मान्य केले पाहिजे. पंतोजींची ओसरी सर्व जातींना खुली नव्हती आणि मुलींच्या वाट्याला तर ती जवळजवळ आलीच नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली ती यामुळेच. घरात शिकणे म्हणजे आपोआप आनंदाने शिकणे, असेही नव्हते. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई लग्न होऊन न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या. त्यांच्या शिक्षणाचा ओनामा न्यायमूर्तींनी घरीच केला. त्यांच्या आठवणींचे पुस्तक वाचले की दिसते, पतीचा पाठिंबा असूनही घरातल्या बायकांची नाराजी सोसत त्यांना शिकावे लागले. पाटीची पूजा नाही, खाऊ नाही. होते ते टोमणे आणि अबोला. परंतु या पुराव्याचा निष्कर्ष सण टाकून द्यावा असा निघत नाही. रमाबाईंना जे मिळाले नाही, त्याचेच मोल त्यातून कळते. एखाद्या मुलाच्या पहिल्या अक्षराला घरातली सगळी माणसे आनंदाने जमतात, तेव्हा ते त्याला सांगत असतात की शिकणे हा तुझा हक्क आहे आणि तो आम्हा सर्वांना मान्य आहे. ज्यांना हा शब्द मिळाला नाही त्यांच्यावर अन्याय झाला. म्हणून तो प्रत्येक मुलीला आणि मुलाला मिळाला पाहिजे.

हा शब्द पूजेवाचूनही देता येतो, हे ताराबाई मोडकांनी दाखवून दिले. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केल्यावर १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर ते काम वाढले. तिथली आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातल्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी रानात भरली ती कुरणशाळा. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, आणि शिकण्याची साधने म्हणून दगड, बिया, पाने, शिंपले घ्यायचे. मंत्र आणि मुहूर्त बाजूला ठेवले तरी आरंभाचा जुना गाभा इथे शाबूत आहे: मूल जिथे आहे तिथून सुरुवात, त्याच्या हाताला झेपेल असे पहिले काम, आणि भोवती आपली माणसे. एकड्यांच्या सरस्वतीत जे तत्त्व आहे तेच कोसबादच्या अंगणात आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पहिल्या दिवशी खाऊ आणि दुसऱ्या दिवसापासून छडी, असाच पंतोजींचा कारभार नव्हता का? पंतोजींच्या शिक्षा कठोर असत आणि घोकंपट्टीवर त्यांचा भर असे, हे नाकारता येणार नाही. एका दिवसाच्या गोडव्याने तीनशे दिवसांची कडवट शिस्त गोड होत नाही. म्हणूनच सणाचा कोणता भाग घ्यायचा, हे नीट ओळखले पाहिजे. शोभा मुलाला बाहेरून मिळते आणि संध्याकाळी उतरते. हातून झालेले काम मागे राहते. पाटीवरची सरस्वती पाहुण्यांनी काढून दिली असती तर ती शोभाच ठरली असती. मूल ती स्वतः काढते आणि संध्याकाळपर्यंत एक हा आकडा त्याच्या बोटांत कायमचा बसलेला असतो. शिवाय जुना गोडवा टप्प्याटप्प्याने पुन्हा येई. घरी शिकवणाऱ्यांना ही मोकळीक आजही आहे. पुढे शालान्त परीक्षेसाठी अशी बरीच मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानकडे वळतात, आणि तिथे सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. मग सुरुवात जूनमध्येच व्हावी आणि आनंद तिथेच संपावा, असा आग्रह कशासाठी? पहिले पुस्तक अडखळत का होईना स्वतः वाचून झाले, अपूर्णांकाची गाठ सुटली, पहिले पत्र आजीला पोचले, की तो दिवस नव्या ओनाम्याचा.

तिसरा आक्षेप असा की, घरी शिकणारे मूल एकटे पडते आणि घरातला सण त्याला आणखी एकटे पाडतो. आपल्या मुलखातला आणि बाहेरचाही इतिहास याच्या उलट सांगतो. अक्षरारंभ होई एका मुलाचा, पण तो एकांतात कधीच होत नसे. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्ला होते तेव्हा नातेवाईक आणि शेजारी जमतात. नांदेडकडची कुटुंबे गोदावरीकाठी बासरच्या सरस्वतीपुढे मुलाला अक्षर गिरवायला बसवतात, तेव्हा भोवती परक्या गावांची मुलेही तेच करत असतात. मध्ययुगीन जर्मनी-फ्रान्समधल्या ज्यूंमध्ये पाटीवरच्या अक्षरांना मध लावून मुलाला ते चाटायला देत. सॅक्सनी आणि थुरिंजियात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून शाळेत जाणाऱ्या नव्या मुलाच्या हाती खाऊने भरलेला कागदी शंकू देण्याची चाल पडली. धर्म आणि देश वेगळे असले तरी सगळीकडे अक्षराची पहिली चव गोड ठेवली आहे आणि ती चार माणसांच्या देखत दिली आहे. पंतोजींच्या शाळेत नवा आलेला मुलगा स्वतः खाऊ वाटत असे, ही गोष्ट इथे मोलाची. ज्याचा सण, त्याच्या हातून इतरांना काही मिळे, आणि त्या दिवसापासून तो त्यांच्यातला एक होई.

तेव्हा घरीच शिक्षण देणाऱ्या आईवडिलांना इतिहासाचा आधार घेऊन एवढेच सांगावेसे वाटते. दिवस तुम्ही निवडा. पाडवा, दसरा, पहिल्या पावसाचा दिवस, किंवा मुलाने ‘मला शिकव’ म्हटले तो दिवस. त्या दिवशी शेजारच्या चार मुलांना बोलवा, आजी-आजोबांना बोलवा, आणि खाऊ मुलाच्या हातून वाटू द्या. मोठ्यांनीही त्या दिवशी स्वतःसाठी एखादी नवी गोष्ट शिकायला घ्यावी, कारण पाटीपुढे हात जोडणारा प्रत्येकजण विद्यार्थीच असतो. सजावट थोडी केली तरी चालेल. पण समारंभाच्या मध्यभागी एक काम ठेवा, जे मुलाला आज जमेल आणि जे केल्यावर उद्याचे सोपे होईल. ते काम मुलाचा हात धरून करून घ्या, पण त्याच्याऐवजी करू नका. पहिला एकडा वाकडा आला तरी तो त्याच्याच बोटांनी उमटू द्या.