मालकालाही न जुमानणारे कुलूप

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला. त्याचा तडाखा करंजाडे-पनवेलपासून जवळच असलेल्या न्हावा-शेवा बंदरालाही बसला. तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलमध्ये कोणता कंटेनर कोणाचा, हेच कळेनासे झाले. मर्स्कला पुढे जगभरातील सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

हा प्रोग्राम शिरला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून. दार कोणी फोडले नव्हते. लोकांनी तो आपल्याच हाताने बसवला होता.

असे का घडू शकते? युनिक्सच्या काळापासून रुळलेली पद्धत अशी, की फाइल कोणी वाचावी वा बदलावी हे तिचा मालक ठरवतो, आणि त्याने चालवलेल्या प्रोग्रामला त्याचेच सारे अधिकार मिळतात. सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापकाने बसवलेले सॉफ्टवेअर मग कोठेही हात घालू शकते.

दुसरी वाट लष्करी दफ्तरातून आली. १९७३ मध्ये डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापाडुला यांनी अमेरिकी हवाई दलासाठी दोन नियम गणिती भाषेत मांडले: खालच्या दर्जाच्या माणसाने वरचे गुपित वाचायचे नाही आणि वरच्याने ते खालच्या कागदात उतरवायचे नाही. यात मालकाची मर्जी चालत नाही, म्हणून हे ‘सक्तीचे प्रवेश-नियंत्रण’. १९८३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या नारिंगी मुखपृष्ठाच्या पुस्तिकेने वरच्या श्रेणीच्या संगणकांना ते अनिवार्य केले. पण शाळेला किंवा कारखान्याला गुपितांच्या पायऱ्या काय कामाच्या?

डिसेंबर २००० मध्ये एनएसए या अमेरिकी संस्थेने ‘एसईलिनक्स’ सर्वांसाठी खुले केले. दुसऱ्यांचे संदेश फोडणाऱ्या संस्थेने कुलूप फुकट वाटावे, हे गमतीचेच. पण त्याची रचना कोणालाही तपासता येत होती. २००३ च्या अखेरीस ते लिनक्सच्या गाभ्यात आले. येथे दर्जाऐवजी काम पाहिले जाते. प्रत्येक प्रोग्रामला आणि फाइलला एक चिठ्ठी असते; वेब सर्व्हरने वेबपानांची चिठ्ठी असलेल्या फाइलीच वाचाव्यात, मग तो मुख्य व्यवस्थापकाच्या नावाने का चालेना!

२००४ च्या मे महिन्यातील ‘फेडोरा कोअर २’ मध्ये नियम इतके काटेकोर होते, की हे कुलूप मुळात बंदच ठेवून द्यावे लागले. नोव्हेंबरमधील पुढच्या आवृत्तीत नेटवर्कला सामोऱ्या जाणाऱ्या निवडक सेवांनाच बांधले आणि ते चालू ठेवता आले. माझ्या मते ही माघारच त्याच्या यशाचे कारण ठरली.

तरीही सॉफ्टवेअर बसवताना अडचण येतेच. निकालाची फाइल आपल्या फोल्डरमधून वेबसाइटच्या फोल्डरमध्ये हलवली, तर जुनी चिठ्ठी तिच्याबरोबर जाते आणि वेब सर्व्हरला ती वाचता येत नाही. नक्कल केली, तर नव्या जागेची चिठ्ठी मिळते. हे ठाऊक नसलेले लोक वैतागून कुलूपच काढून टाकतात. वास्तविक एक मधली अवस्था आहे, जिच्यात अडवले जात नाही, फक्त नोंद होते. चाचणीच्या सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर असे चालवून नोंदी वाचाव्यात. बहुधा चिठ्ठी दुरुस्त करून भागते. नाहीतर तेवढाच नियम जोडून कुलूप पुन्हा लावावे. नोंदींवरून नियम लिहून देणारे साधनही मिळते, पण एखाद्या घातक प्रोग्रामने मागितलेली परवानगीही ते तितक्याच तत्परतेने लिहून देते.