तारणाची तारीख

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यातील एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी पॅरिश ऑफिसात आल्या. 'फादर, माझ्या बाप्तिस्म्याची तारीख रजिस्टरात बघून सांगा,' असे म्हणाल्या. लग्न नाही, पासपोर्ट नाही, मग या वयात दाखला कशाला, असे मी विचारले. तेव्हा कळले की, त्या दुपारी दोन तरुण प्रचारक त्यांच्या घरी येऊन गेले होते. 'आज रात्री मरण आले तर स्वर्गात जाल अशी तुमची खात्री आहे काय? तुमचे तारण कोणत्या दिवशी झाले?' असे त्यांनी विचारले होते. बाईंना उत्तर देता आले नाही. आयुष्यभर न चुकता मिस्साला येणारी ती माउली त्या दिवशी जेवली नव्हती.

मी जुने रजिस्टर काढले, तारीख सापडली. 'मग हीच का ती तारीख, फादर?' त्यांनी विचारले. सेमिनरीत पाठ केलेली दोन वाक्ये मी त्यांना ऐकवली. त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्या गेल्यावर मी पुन्हा पुस्तके उघडली. ख्रिस्ती मनुष्याचे तारण केव्हा आणि कसे होते, या प्रश्नावर ख्रिस्तसभेने शतकानुशतके विचार केला आहे, त्यासाठी परिषदा भरवल्या आहेत आणि त्यापायी ती दुभंगलीही आहे. तो इतिहास येथे थोडक्यात मांडत आहे.

पुढे ढकललेला संस्कार

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना तारणाचा क्षण म्हणजे स्नानसंस्कार, याविषयी शंका नव्हती. त्या पाण्यात सर्व पापे धुतली जातात, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु त्यातूनच एक विचित्र प्रथा वाढीस लागली. संस्कारानंतर घडलेल्या पापाचे ओझे अधिक जड असते, म्हणून लोक तो शक्य तितका लांबणीवर टाकू लागले. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३३७ साली, अगदी मृत्यूच्या उंबरठ्यावर, स्नानसंस्कार घेतला. संत ऑगस्टिन लहान असताना पोटाच्या आजाराने अत्यवस्थ झाले होते. तेव्हा त्यांच्या स्नानसंस्काराची तयारी झाली. पण ते बरे झाले आणि संस्कार राहून गेला. अखेर ३८७ सालच्या पास्काच्या रात्री मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते त्यांनी तो घेतला.

तारण म्हणजे केवळ एक तारीख आणि बाकीचे आयुष्य म्हणजे ती तारीख सांभाळण्याचा हिशेब, असे मानले की माणूस असा व्यवहारी होतो. संत पौलाची पत्रे मात्र निराळी दृष्टी देतात. रोमकरांस लिहिताना एके ठिकाणी तो आपले तारण झाले आहे असे म्हणतो, तर दुसऱ्या ठिकाणी ते पुढे होणार आहे असे सांगतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तारण होत असलेल्या लोकांविषयी तो बोलतो. भूत, वर्तमान आणि भविष्य हे तिन्ही काळ त्याला आवश्यक वाटले. पुढील सारा वाद या तिन्हींपैकी एकालाच घट्ट धरून ठेवल्यामुळे माजला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

कोणाच्या बळावर?

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलॅजियस नावाचा ब्रिटनमधील एक संन्यासी रोममध्ये राहत होता. तेथील ख्रिस्ती लोकांचे सैल आचरण पाहून तो अस्वस्थ झाला. देवाने आज्ञा दिल्या आहेत, त्या अर्थी त्या पाळण्याचे सामर्थ्यही माणसात आहेच, असे तो शिकवू लागला. हेतू चांगला होता. पण त्यामुळे ख्रिस्ताचा क्रूस केवळ एका उत्तम उदाहरणापुरता उरला. ऑगस्टिन यांनी त्याला कसून विरोध केला. स्वतःच्या संकल्पशक्तीचा दुबळेपणा त्यांनी तरुणपणी पुरता अनुभवला होता. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलॅजियसची शिकवण नाकारली. ५२९ साली ऑरेंज येथील परिषदेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. श्रद्धेची सुरुवात, किंबहुना श्रद्धा ठेवावी ही इच्छासुद्धा, देवाच्या कृपेचेच दान आहे, असे तिने सांगितले. या निर्णयांना पोप दुसरे बोनिफस यांनी ५३१ साली मान्यता दिली.

वाटाघाटी आणि दाढी

तरीही पुढील शतकांत सामान्य भाविकांच्या मनात तारणाचा हिशेब पुन्हा शिरला. त्याचे सर्वांत विद्रूप रूप म्हणजे पैशांच्या मोबदल्यात दिली जाणारी पापदंडमाफीची पत्रे. १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी त्यांविरुद्ध आपली ९५ विधाने मांडली. ल्यूथर हे ऑगस्टिन यांच्याच नावाच्या संघातील संन्यासी. आपण देवापुढे कधी तरी पुरेसे ठरू काय, या भयाने ते पोखरले गेले होते. रोमकरांस पत्राच्या अभ्यासातून त्यांना उत्तर मिळाले: मनुष्य केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो. त्या भयाला आम्हा धर्मगुरूंचेही काही देणे होते, हे मान्य करायला हवे.

१५४१ साली जर्मनीत रेगेन्सबुर्ग येथे दोन्ही पक्षांचे पंडित एकत्र बसले. कॅथलिकांच्या बाजूने कार्डिनल कोंतारिनी उपस्थित होते, तर दुसऱ्या बाजूने मेलांक्थन आणि बुत्सर. आश्चर्य असे की, नीतिमान ठरण्याच्या मुद्द्यावर त्यांचे एकमत झाले! बोलणी फिसकटली ती ख्रिस्तशरीर संस्कार आणि ख्रिस्तसभेचा अधिकार या विषयांवर. रोमला तो मसुदा पसंत पडला नाही आणि ल्यूथरनाही नाही.

१५४५ साली ट्रेंटची परिषद सुरू झाली. याच प्रश्नावर तिने सुमारे सात महिने घालवले. चर्चा किती तापली होती याची एक गंमत सांगतो. जुलै १५४६ मध्ये ला कावाचे बिशप सानफेलिचे यांना दुसऱ्या एका बिशपांनी अडाणी म्हटल्याचे कानी पडले. त्यांनी सरळ जाऊन त्यांची दाढी धरली! सानफेलिचे यांना परिषदेतून घालवण्यात आले. परंतु अशा माणसांकडूनच १३ जानेवारी १५४७ रोजी १६ प्रकरणांचा आणि ३३ नियमांचा अत्यंत समतोल लेख सिद्ध झाला. तोपर्यंत ल्यूथर यांना देवाघरी जाऊन जवळजवळ वर्ष होत आले होते.

ट्रेंटने काय सांगितले?

पहिली हाक देवाची असते. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे ती येत नाही. मनुष्य त्या हाकेला होकार देऊ शकतो किंवा ती झिडकारू शकतो. श्रद्धा हे तारणाचे मूळ आहे; पण मुळाला प्रीतीची फळे यायला हवीत. देव आपल्याला नुसते नीतिमान म्हणत नाही, तर आतून तसे करतो. स्नानसंस्कारात मिळालेली कृपा वाढते आणि मोठ्या पापाने गमावताही येते. अशा वेळी प्रायश्चित्त संस्कार म्हणजे जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी होय. आणि आपली सत्कृत्ये? तीही मुळात देवाचीच देणगी. तीच आपले पुण्य म्हणून गणली जावी, एवढे त्याचे औदार्य.

नवव्या प्रकरणात आमच्या त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. देवाच्या दयेविषयी, ख्रिस्ताच्या पुण्याईविषयी आणि संस्कारांच्या सामर्थ्याविषयी कोणीही शंका धरू नये. परंतु स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहता, आपण कृपेत आहोत असे श्रद्धेच्या निश्चयाने कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. खात्री देवाची बाळगावी, स्वतःची नव्हे.

हे सत्य ट्रेंटच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एका निरक्षर खेडवळ मुलीने सांगितले होते. १४३१ साली फ्रान्समधील रूआं येथे जोन ऑफ आर्कची चौकशी चालू होती. तू कृपावस्थेत आहेस काय, असे तिला विचारण्यात आले. 'होय' म्हणावे तर गर्विष्ठ ठरेल आणि 'नाही' म्हणावे तर अपराध कबूल केल्यासारखे होईल, असा तो फास होता. नसेन तर देवाने मला तीत आणावे आणि असेन तर तीतच राखावे, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. विचारणारे थक्क झाले. तिला जाळण्यात आले, १४५६ साली तिचा दोष पुसला गेला आणि १९२० साली ख्रिस्तसभेने तिला संत घोषित केले.

ऑग्सबुर्ग, १९९९

दुभंगलेल्या वाटा पुन्हा जवळ येण्यास साडेचारशे वर्षे लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि जागतिक ल्यूथरन संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपण केवळ कृपेने, ख्रिस्तावरील श्रद्धेद्वारे देवाला मान्य होतो, स्वतःच्या लायकीने नव्हे; आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणे नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी पाठवतो, असे दोघांनी मिळून सांगितले. या घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातील निषेध लागू पडत नाहीत, हेही मान्य झाले. २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्या त्यात सामील झाल्या. सर्व मतभेद मिटलेले नाहीत. पण मुळाशी एकच क्रूस आहे, हे दिसून आले.

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या भगिनीच्या घरी गेलो. 'मावशी, रजिस्टरातली तारीख खरी आहे. त्या दिवशी देवाने तुम्हाला आपली लेक केले. पण तारण त्या दिवशी संपले नाही. तो आजही ते करतो आहे आणि शेवटच्या दिवशी पूर्ण करील,' असे सांगून मी जोनची गोष्ट ऐकवली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग हातातील रोझरीकडे पाहून म्हणाल्या, 'फादर, मग पवित्र मरियेजवळ मी रोज हेच तर मागते. आतासाठी आणि मरणाच्या घडीसाठी.'

नमो मरियाच्या उत्तरार्धाचा तो पाठ ट्रेंटची परिषद संपल्यावर पाच वर्षांनी, १५६८ साली, रोमच्या प्रार्थनाग्रंथात समाविष्ट झाला, हे मला ठाऊक होते. पण ट्रेंटची शिकवण त्यात इतकी सोपी होऊन उतरली आहे, हे मला मावशींनी शिकवले. वाचकहो, आज रात्री रोझरी म्हणताना त्या दोन वेळांपाशी क्षणभर थांबा. त्यांपैकी एक आपल्या हाती आहे. दुसरी देवाच्या हाती आहे आणि ती तेथे सुरक्षित आहे.