तुरटीचं माप

गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवला की गाळ तळाला बसतो, हे आमच्या यवतमाळकडच्या घरांना कुणी शिकवावं लागलं नाही. फ्लोराइडचं तसं नाही. त्याला रंग नाही, वास नाही. बोअरचं पाणी नितळ दिसतं आणि तेच पिऊन पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उठतात. वर्षं गेली की पाठ, मान, गुडघे आखडतात. पाणी तपासणीच्या नोकरीत गावोगाव मी एकच गोष्ट सांगत असे: उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

भारतात या दुखण्याची नोंद १९३७ साली झाली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, नेल्लोरकडे. त्यावरचा घरगुती उपाय सत्तरच्या दशकात नागपूरच्या नीरी संस्थेनं बसवला. नाव मात्र मिळालं नलगोंडाचं, कारण तिथल्या विहिरींत फ्लोराइड फार. साहित्य ओळखीचंच: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर. पाण्यात तुरटीचे पांढरे पुंजके धरतात, त्यांना फ्लोराइड चिकटतं आणि सगळं मिळून खाली बसतं. चुन्यामुळे पाण्याचा आम्लपणा आवरतो, ब्लीचिंगनं जंतू मरतात. बादलीची तोटी तळापासून थोडी वर बसवायची, म्हणजे गाळ ढवळत नाही. आधी भरभर ढवळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी संथ, नाहीतर पुंजके फुटतात. पुढे तासभर हात लावायचा नाही.

पुढे टांझानियातही ही रीत वापरून पाहिली गेली. मला तिचा अभिमान आहे.

पण गढूळपणा काढायला चिमूटभर तुरटी पुरते, इथे लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम लागते. ती किती, हे फ्लोराइडवर आणि पाण्याच्या क्षारतेवर ठरतं. शेजारच्या दोन बोअरचं माप वेगळं. कमी पडली तर फ्लोराइड राहतं. जास्त झाली तर पाणी तुरट लागतं, त्यात अ‍ॅल्युमिनियमही उरतं. हे माप सांभाळायचं कुणी? रोज पहाटे पाणी भरणाऱ्या बाईनं, शेतावर जायच्या आधी. ‘लोकांनी पद्धत सोडली’ असं अहवालांत लिहितात, ते मला पटत नाही. तिच्या बोअरचं पाणी ऋतूऋतूला तपासून नवं माप तिच्या हातात देणारं माणूस गावात कुणी ठेवलंच नव्हतं. आणि तळाचा गाळ कुठे टाकायचा, हेही तिला सांगायला हवं होतं. पाण्यातून काढलेलं सगळं फ्लोराइड त्यातच असतं.