तोट्याची तार कोणी ओढायची?

१/८ देवणीचे नाव गोवंशामुळे दूरवर पोहोचले; पण देवणीपर्यंत दूरध्वनीची तार पोहोचणे सोपे नव्हते. लातूर जिल्ह्यातील अशा सीमावर्ती गावांत अंतर लांब, ग्राहक मोजके आणि उत्पन्न तुटपुंजे. मग ही तार ओढायची कोणी? १९९० च्या दशकातील दूरसंचार खासगीकरणाच्या वादाचे मूळ या प्रश्नात होते.

२/८ तोवर सरकारी खात्याचा हिशेब वेगळा होता. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून होणारे एसटीडी कॉल महाग ठेवायचे आणि त्या नफ्यातून स्थानिक कॉल व ग्रामीण जोडण्यांचा तोटा भरून काढायचा.

३/८ ही व्यवस्था निर्दोष मात्र नव्हती. १९९४ मध्ये देशात शंभर माणसांमागे जेमतेम ०.८ दूरध्वनी होते. ५,७६,४९० खेड्यांपैकी सुमारे १.४ लाख खेड्यांतच सेवा पोहोचली होती. नव्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे.

४/८ मे १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने मूलभूत दूरध्वनी सेवेची दारे खासगी कंपन्यांना उघडली. कामगार संघटनांचा आक्षेप असा होता : कंपन्या शहरांतील साय खातील, खेड्यांचा तोटा खात्याच्या माथी येईल आणि अखेर नोकऱ्यांवर गदा येईल.

५/८ ‘दिल्ली सायन्स फोरम’ने या धोरणाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९ फेब्रुवारी १९९६ च्या निकालात धोरण टिकले. पण स्वतंत्र नियामकाची निकड न्यायालयाने अधोरेखित केली. पुढल्याच वर्षी ‘ट्राय’ अस्तित्वात आले.

६/८ खेड्यांविषयीची शंका खरी ठरली. परवान्यातील अटीनुसार खासगी कंपन्यांनी ग्रामीण सार्वजनिक दूरध्वनी बसवायचे होते. त्यांची पूर्तता फारच थोडी झाली. १९९९ च्या दर आदेशाने एसटीडी स्वस्त, तर मासिक भाडे महाग होऊ लागले. जुना आधार सुटत चालला होता. म्हणून २००२ पासून कंपन्यांच्या महसुलावर ५ टक्के आकारणी करून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी उभारण्यात आला.

७/८ सप्टेंबर २००० मध्ये खात्याचे कंपनीत रूपांतर होण्याआधी कर्मचाऱ्यांनी देशव्यापी संप केला. कंपनी निघाली तरी सरकारी निवृत्तिवेतन शाबूत राहावे, ही त्यांची कळीची मागणी होती. ती हमी मिळाली, ३० सप्टेंबरला निवृत्तिवेतनाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबरला बीएसएनएलचा जन्म झाला.

८/८ पुढे स्पर्धेने मोबाइल खेडोपाडी नेला, दर घसरले. हे नाकारता येणार नाही. पण जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे ७८,५६९ कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच वेळी बाहेर पडले, हेही विसरता येणार नाही. विरोधकांना खासगीकरण थांबवता आले नाही. तथापि निवृत्तांच्या हाती आज जे निवृत्तिवेतन पडते, त्यामागे त्या संपाचे बळ आहे. आणि तोट्याच्या तारेचा खर्च कोणी सोसायचा, या त्यांच्या प्रश्नाला राज्यकर्त्यांना निधीच्या रूपाने उत्तर शोधावेच लागले.