नवजात बाळाची रक्तशर्करा : पट्टीवर विसंबावे किती?

गर्भात असेपर्यंत बाळाला आईकडून नाळेवाटे साखरेचा अखंड पुरवठा होत असतो. नाळ कापताच तो थांबतो आणि पहिल्या एक-दोन तासांत बाळाची रक्तशर्करा उतरते. निरोगी बाळात ती बहुधा आपोआप सावरते. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा मधुमेही मातेच्या बाळात मात्र ती फार घसरून मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते. अनेकदा बाह्य लक्षणेही दिसत नाहीत. म्हणून टाचेला टोचून ग्लुकोमीटरवर तपासणी केली जाते.

हे यंत्र मुळात प्रौढ मधुमेहींसाठी घडवलेले. २०१३ च्या आयएसओ १५१९७ या मानकानुसार, डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर असताना ९५ टक्के आकडे १५ मिलिग्रॅमच्या फरकात आले तरी चालतात. प्रौढाच्या ९० ऐवजी १०० दिसले तर फारसे बिघडत नाही. नवजाताच्या उपचाराचा निर्णय मात्र ४० ते ४५ च्या आसपास होतो. तेथे खऱ्या ४० चे यंत्रावर २५ किंवा ५५ होऊ शकतात. पहिल्या चुकीने बाळाला विनाकारण सलाईन लागते, आईपासून ताटातूट होते. दुसरीने उपचारच राहून जातो.

नवजाताच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण जास्त असते. अशा दाट रक्तात अनेक यंत्रे साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवतात. काही नव्या यंत्रांत ही त्रुटी भरून काढण्याची सोय आहे. टाच थंड असणे, ती जोराने पिळणे, स्पिरिट न वाळणे या साध्या गोष्टींनीही आकडा बिघडतो.

मग प्रयोगशाळेचा अहवाल तरी निर्दोष का? नमुना पडून राहिला तर त्यातील पेशी साखर खात राहतात. साध्या तापमानात तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घट होते, नवजाताच्या रक्तात ती अधिकच. त्यामुळे नमुना विनाविलंब पोहोचणे महत्त्वाचे. अतिदक्षता कक्षातील ब्लड गॅस यंत्र जलद आणि अधिक भरवशाचे असते.

पट्टीवरचा आकडा कमी आला तर पडताळणीसाठी शिरेतील रक्त पाठवून, अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, अशी बालरोगतज्ज्ञांची रीत आहे. आकडा ठीक असूनही बाळ सुस्त असेल, थरथरत असेल किंवा दूध ओढत नसेल, तर डॉक्टरांना त्वरित कळवून रक्ताची फेरतपासणी करवून घ्यावी.